कमी खर्चात ताऱ्यांचे फोटो: लेन्स आणि ट्रॅकर निवडण्यापासून पहिल्या रात्रीपर्यंत

आकाशाचे फोटो काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी लांब लेन्स शोधायला लागतात. हा क्रम उलटा आहे. आकाश किती वेगाने सरकतं आणि आपल्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये आकाशाचा केवढा तुकडा मावतो, हे दोन आकडे आधी हाताशी हवेत. कुठली लेन्स परवडेल, ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारा कुठला ट्रॅकर पुरेल आणि त्याची ध्रुवाशी जुळवणी किती काटेकोर करावी लागेल, हे सगळं त्यावरच ठरतं. हिशेब केला की आणखी एक गोष्ट कळते: लेन्स जुनी, साधी, स्वस्त चालते, पण तिच्याखालचे सांधे कच्चे असून चालत नाही.

आधी आकडेमोड

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत फिरते, त्यामुळे तारे दर सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद सरकतात. एक अंश म्हणजे ३६०० आर्कसेकंद. हा वेग खगोलीय विषुववृत्तावरचा, म्हणजे मृग नक्षत्राच्या पट्ट्यातला. ध्रुवाकडे जावं तसा तो कमी होतो.

आता पिक्सेल. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ने गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने) भागा. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. त्यावर २४ मिमी लेन्स लावली तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ३३ आर्कसेकंद मावतात, ५० मिमीला १६, १३५ मिमीला ६, २०० मिमीला ४ आणि ३०० मिमीला पावणेतीनच्या आसपास.

म्हणजे ट्रॅकर नसेल तर २४ मिमीवर तारा साधारण सव्वादोन सेकंदांत एक पिक्सेल ओलांडतो आणि १३५ मिमीवर अर्ध्या सेकंदाच्या आतच. ‘५०० भागिले फोकल लेंग्थ’ हा जुना नियम फिल्मच्या काळातला आहे. एपीएस-सीवर फोकल लेंग्थ दीडपट धरली तर २४ मिमीला तो १४ सेकंद देतो आणि तेवढ्यात तारे सहा पिक्सेल लांब होतात. त्यापेक्षा बरा हिशेब असा: एफ-क्रमांकाला (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा; आकडा लहान तर छिद्र मोठं) ३५ने गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनना ३०ने गुणा, दोन्हींची बेरीज फोकल लेंग्थने भागा. एफ/२.८, ३.९ मायक्रॉन आणि २४ मिमीसाठी उत्तर येतं ९ सेकंद. बिनट्रॅकरच्या फोटोसाठी हीच मर्यादा धरा.

लेन्स: काय घ्यावं, काय सोडावं

हाताशी कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स असेल तर सुरुवात तिनेच करा. १८-५५ची लेन्स १८ मिमीला एफ/३.५ देते, आणि ट्रॅकरवर दोन मिनिटांचं एक्स्पोजर घेतलं की त्यात आकाशगंगेचा पट्टा भरपूर उतरतो. अडचण असते ती यांत्रिक. कॅमेरा वर रोखला की झूमची नळी आपोआप सरकते आणि फोकसची रिंग ढिली असते. फोकस झाल्यावर दोन्ही रिंगांना कागदी चिकटपट्टी लावली की काम भागतं.

दुसरी लेन्स बिनदिक्कत ५० मिमी एफ/१.८. बहुतेक सगळ्या कॅमेरा कंपन्यांच्या यादीत ती सर्वांत स्वस्त प्राइम (झूम नसलेली) लेन्स असते. एफ/१.८ला मात्र कोपऱ्यांतले तारे पंख फुटल्यासारखे दिसतात आणि तेजस्वी ताऱ्यांभोवती निळं-जांभळं वलय येतं. एफ/२.८ला ते पुष्कळ आवरतं, एफ/४ला जवळजवळ जातं. म्हणूनच आकाशासाठी एफ/१.४च्या महागड्या लेन्सवर पैसे घालणं मला पटत नाही. ती शेवटी एफ/२.८लाच वापरली जाते. ५० मिमीला एपीएस-सीवर सुमारे २६ अंश गुणिले १८ अंश एवढं आकाश मिळतं. उभ्या चौकटीत अख्खं मृग नक्षत्र सहज बसतं.

तिसरा टप्पा १३५ मिमी, आणि नवशिक्यासाठी खरा खजिना इथेच आहे. चौकट साधारण १० अंश गुणिले साडेसहा अंशांची होते. देवयानी दीर्घिका सुमारे तीन अंश पसरलेली आहे, ती नीट मावते. मृगाचा पट्टा आणि त्याखालचा तेजोमेघ एकत्र येतात. ज्येष्ठा आणि तिच्याभोवतीचे रंगीत धुळीचे ढगही येतात. सॅमयांगची १३५ मिमी एफ/२ ही हाताने फोकस करायची लेन्स या कामात नावाजलेली आहे. वजन सुमारे ८३० ग्रॅम, फिल्टरचा व्यास ७७ मिमी, फोकसच्या रिंगचा फेरा लांब, आणि एफ/२लासुद्धा तारे कोपऱ्यापर्यंत बऱ्यापैकी टोकदार राहतात. नगागणिक थोडा फरक पडतो, त्यामुळे परत करता येईल अशा ठिकाणीच घ्या.

तेवढंही परवडत नसेल तर जुन्या फिल्म-कॅमेऱ्यांच्या १३५ मिमी एफ/२.८ किंवा एफ/३.५ लेन्स बघा. ऑटोफोकस नसल्याने त्यांना फारशी मागणी नसते. आपल्याला ऑटोफोकस नकोच असतो. पण माउंटचं, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या जोडाचं, गणित आधी करा. लेन्सच्या मागच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटचं ठरलेलं असतं: एम४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६ मिमी, निकॉन एफ ४६.५, कॅनन ईएफ ४४, कॅननची जुनी एफडी ४२, सोनी ई १८, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल तरच मधल्या फटीत अडॅप्टर बसतो आणि अनंतावर फोकस होतो. एम४२ची लेन्स कॅनन ईएफवर छान चालते. निकॉनच्या डीएसएलआरवर ती अनंतापर्यंत पोचत नाही. त्यासाठी काच असलेला अडॅप्टर लागतो आणि ती काच ताऱ्यांचा चुथडा करते. मिररलेस कॅमेऱ्यावर यातलं जवळजवळ सगळं बसतं.

७०-३००सारखे स्वस्त टेलिझूम टाळा. लांब टोकाला एफ/५.६, प्रत्येक ताऱ्याला रंगीत झालर, आणि ट्रॅकरकडून मागणी मात्र ३०० मिमीची. पैसे आणि रात्री दोन्ही वाया जातात.

एफ-क्रमांक वाढवताना एक युक्ती कामी येते. लेन्सच्या आतल्या पात्यांनी छिद्र लहान केलं की तेजस्वी ताऱ्यांना काटे फुटतात; सात पाती असतील तर चौदा. काटे नको असतील तर आतलं छिद्र पूर्ण उघडं ठेवा आणि पुढे फिल्टरच्या आट्यांवर व्यास कमी करणारी रिंग लावा. १३५ मिमी एफ/२वर ७७वरून ५२ मिमीपर्यंत उतरणाऱ्या रिंगा लावल्या तर जवळपास एफ/२.८ मिळतो आणि तारे स्वच्छ गोल येतात.

वापरलेली लेन्स तपासताना

बाहेरचे ओरखडे फारसं नुकसान करत नाहीत. टॉर्च मागून तिरपा मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी किंवा दुधाळ थर दिसला तर सोडून द्या. फोकसची रिंग पुढे-मागे हलवा. दिशा बदलताना मध्ये रिकामी जागा लागली तर रात्री अचूक फोकस धरणं कठीण जाईल.

मग तारे दाखवा. ट्रॅकर नसताना ही चाचणी ध्रुवताऱ्याच्या भागात करा, तिथे तारे फार सावकाश सरकतात. ५० मिमीवर तीन-चार सेकंदांत तिथे पिक्सेलभरसुद्धा हालचाल होत नाही. मध्यभागी फोकस करा, पूर्ण उघड्या छिद्राने फोटो घ्या आणि चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून बघा. चारही कोपऱ्यांत तारे सारखेच बिघडलेले असतील तर तो लेन्सच्या रचनेचा दोष, छिद्र लहान केल्यावर कमी होतो. एक कोपरा खराब आणि समोरचा स्वच्छ असेल तर आतलं एखादं भिंग मध्यापासून सरकलेलं आहे. असा नग घेऊ नका, छिद्र कितीही लहान केलं तरी तो पूर्ण सुधारत नाही.

ट्रॅकर: चार प्रकार

सर्वांत स्वस्त म्हणजे घरी बनवलेला दोन फळ्यांचा ट्रॅकर. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या आणि बिजागरीच्या अक्षापासून २२८.६ मिमीवर एम६चा आटे असलेला दांडा बसवायचा. एम६च्या आट्याचं अंतर १ मिमी असतं, त्यामुळे दांडा मिनिटाला एक फेरा फिरवला की वरची फळी ताऱ्यांच्या वेगाने उघडते. हाताने करायचं तर दर १५ सेकंदांनी पाव फेरा. बिजागरीत खेळ नको, आणि तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला हवा. मापात ३ मिमी चूक झाली तर मिनिटाला सुमारे १२ आर्कसेकंदांची तूट येते. २४ मिमीवर ती दिसतही नाही, १३५वर दोन पिक्सेल होते. दांडा सरळ असल्यामुळे कोन वाढेल तशी चूकही वाढते, म्हणून दर दहा मिनिटांनी फळ्या मिटून पुन्हा सुरुवात करा. २४ ते ५० मिमीसाठी हे साधन खरोखर पुरतं.

दुसरा प्रकार चावीवर किंवा छोट्या बॅटरीवर चालणारा खिशातला ट्रॅकर. ओमेगॉनचा मिनीट्रॅक एलएक्स३ चावी दिल्यावर साधारण तासभर चालतो, त्याला वीज लागत नाही. मूव्ह शूट मूव्हचा नोमॅड बॅटरीवरचा आणि अगदी हलका. रुंद लेन्स, प्रवास, चालत जायच्या जागा यांसाठी उत्तम. १३५ मिमी लावायची असेल तर इथे थांबू नका.

तिसरा प्रकार म्हणजे पोलर स्कोप (ध्रुवतारा बघायची छोटी दुर्बीण), वेज (अक्ष ध्रुवाकडे झुकवणारा खालचा आधार), डेक्लिनेशन ब्रॅकेट (कॅमेरा धरून उत्तर-दक्षिण वळवणारी पट्टी) आणि प्रतिभार (तोल साधणारं वजन) असलेला ट्रॅकर. स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर २आय, आयऑप्ट्रॉनचा स्कायगाइडर प्रो हे या गटातले. दोन्हींची सांगितलेली क्षमता ५ किलो. फोटोसाठी त्यातली निम्मी, फार तर दोन तृतीयांश धरा. कॅमेरा ७०० ग्रॅम, १३५ची लेन्स ८३० ग्रॅम आणि बॉलहेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून आवळायचा गोल सांधा) ४०० ग्रॅम मिळून दोन किलोच्या आत राहतं. मला विचाराल तर पैसे साठवून घ्यावा तो हाच प्रकार. त्याच गटातल्या स्टार ॲडव्हेंचरर जीटीआयला दोन्ही अक्षांवर मोटर आहे, तो फोनवरून लक्ष्य शोधून देतो. सोय मोठी, पण आकाशाची ओळख करून घ्यायची तयारी असेल तर सुरुवातीला गरज नाही.

चौथा पर्याय वापरलेला, मोटर लावलेला छोटा विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षावर फिरणारं दुर्बिणीचं स्टँड. मजबूत मिळतो, जड असतो. गच्चीवरूनच फोटो काढणार असाल तर जरूर विचार करा. उंची आणि दिशा अशा दोन अक्षांवर चालणारे दुर्बिणीचे साधे स्वयंचलित स्टँड मात्र नकोत. तारा मध्यात राहतो, पण चौकट त्याच्याभोवती फिरत राहते आणि कडेचे तारे कमानी काढतात.

प्रत्येक ट्रॅकरच्या दातेरी चाकात थोडा दोष असतोच, त्यामुळे ट्रॅकर ठरावीक वेळाने पुढे-मागे डोलतो. स्टार ॲडव्हेंचरर २आयच्या चाकाला १४४ दाते आहेत, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या वर्म नावाच्या स्क्रूसारख्या दांड्याचा एक फेरा सुमारे १० मिनिटांचा. एकूण डोलणं ५० आर्कसेकंद धरलं तर सर्वांत वाईट मिनिटात तारा १६ आर्कसेकंद सरकतो: ५० मिमीवर एक पिक्सेल, १३५वर अडीच. डोलण्याच्या दोन्ही टोकांना तो जवळपास स्थिर असतो. म्हणून १३५वर काही फ्रेम्स सुरेख आणि साधारण पाच-पाच मिनिटांनी दोन-तीन लांबट, असं दिसलं तर ट्रॅकर बिघडलेला नाही. त्या फ्रेम्स काढून टाका, किंवा एक्स्पोजर ३० सेकंदांवर आणा.

खालचे सांधे

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. पायांचा जाड भाग आधी उघडा, बारीक भाग शेवटी. पिशवी टांगायची तर ती जमिनीला टेकलेली ठेवा. लोंबकळती पिशवी वाऱ्यात झुलते. बॉलहेडवर कंजूषी करू नका. तो रात्रीतून अंशाच्या दहाव्या भागाने ढळला तरी १३५ मिमीवर ६० पिक्सेल होतात. ट्रॅकरच्या खाली मात्र बॉलहेड नकोच, तिथे स्क्रूने बारीक फिरवता येणारा वेज हवा. बॉलहेडने ध्रुव धरता येतो, पण आवळताना हमखास निसटतो.

पहिली रात्र, क्रमाने

उजेड असतानाच ट्रायपॉड लावा आणि पातळी बघा. वेजचा कोन तुमच्या अक्षांशाएवढा करा. २० अंश अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून २० अंशच वर असतो, त्यामुळे उत्तरेला झाड-इमारत नसलेली जागा आधीच हेरून ठेवा. इतक्या कमी कोनात ट्रॅकर जवळजवळ आडवा होतो आणि प्रतिभार ट्रायपॉडच्या पायाला आपटू शकतो. अक्ष हाताने पूर्ण फिरवून बघा. एक पाय नेमका उत्तरेकडे ठेवला की बहुधा जागा सुटते.

अंधार पडल्यावर ध्रुवतारा पोलर स्कोपमध्ये आणा. तो नेमका ध्रुवावर नाही, सुमारे ४० आर्कमिनिटं बाजूला आहे, पूर्ण चंद्राच्या रुंदीहून थोडा जास्त. फोनवरचं ॲप त्या क्षणी तो वर्तुळावर कुठे हवा ते घड्याळाच्या काट्यासारखं दाखवतं. स्कोपमधलं चित्र उलटं असतं, ॲपमध्ये तो पर्याय निवडलाय का ते बघा. हलवायचं ते फक्त वेजच्या दोन स्क्रूंनी.

किती अचूक? ध्रुवापासून एक आर्कमिनिट चूक म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त पाव आर्कसेकंद सरक. सरळ ध्रुवताऱ्यावरच रोखून सोडलं, तर मिनिटाला साधारण १० आर्कसेकंद. २४ मिमीवर तीन मिनिटांत एक पिक्सेल, म्हणजे चालून जातं. १३५वर मिनिटाला पावणेदोन पिक्सेल, म्हणजे चालत नाही. तिथे पाच आर्कमिनिटांच्या आत आलात की मिनिटाला पाव पिक्सेलही सरकत नाही. त्याहून जास्त झटण्यात रात्र घालवू नका. दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळ फक्त ५.४ प्रतीचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा, सिग्मा ऑक्टांटिस तारा आहे, तिथे वेळ जास्त धरा.

आता कॅमेरा चढवा. प्रतिभार सरकवून तोल साधा, मग पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा म्हणजे दाते सतत एका बाजूने टेकलेले राहतात. लक्ष्याकडे रोखा, सगळे स्क्रू आवळा आणि पोलर स्कोपमध्ये पुन्हा बघा. वजन चढल्यावर ध्रुवतारा जागेवरून हललेला असतो, अगदी नेहमी. हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

फोकस तेजस्वी ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून. तारा लहानात लहान होईपर्यंत रिंग फिरवा, थोडं पुढे जा, परत या. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. तारा चौकटीच्या मध्यावर न ठेवता मध्य आणि कडा यांच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवला तर फोकस सगळीकडे सारखा विभागला जातो. बाख्तिनोव्ह मास्क (फोकससाठी लेन्सपुढे लावायची फटींची चकती) असेल तर मधली रेघ दोन तिरप्या रेघांच्या बरोबर मध्ये आणायची. मग रिंगला चिकटपट्टी. यूएसबीवरचा दव रोखणारा पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेजवळ गुंडाळायचा असेल तर तो फोकसच्या आधी गुंडाळा आणि दहा मिनिटं तापू द्या. काच तापली की फोकस बदलतो. काही मिररलेस कॅमेरे बंद केले की फोकस विसरतात, बॅटरी बदलल्यावर पुन्हा तपासा.

कॅमेऱ्यात रॉ फाइल, मॅन्युअल, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. आयएसओ ८०० ते १६००, एफ/२.८, ६० सेकंद इथून सुरुवात करा. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या कडेपासून सुटून पाव ते एक तृतीयांशाच्या दरम्यान असावा. शहराच्या उजेडात तो पुढे पळतो; तिथे एक्स्पोजर कमी करा आणि फ्रेम्स वाढवा. ट्रॅकर सुरू केल्यावर दोन मिनिटं जाऊ द्या, मग ३०, ६० आणि १२० सेकंदांची एकेक फ्रेम घेऊन तारे मोठे करून बघा. गोल राहतील तो सर्वांत लांब वेळ निवडा.

एका फ्रेमने काही होत नाही. ६० सेकंदांच्या ६० फ्रेम्स घ्या. एकत्र केल्यावर गोंगाट सुमारे पावणेआठ पट घटतो. दर दहा फ्रेम्सनंतर चौकट थोडीशी हलवा, दहा-वीस पिक्सेल पुरे. नाहीतर सेन्सरचे डाग एकाच दिशेने ओघळल्यासारख्या रेघा सोडतात आणि त्या नंतर जात नाहीत. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच वेळेच्या, त्याच आयएसओच्या २०-३० डार्क फ्रेम्स घ्या, सेन्सरचा गोंगाट वजा करायला. कडांचा काळोख आणि धुळीचे डाग घालवणाऱ्या फ्लॅट फ्रेम्ससाठी फोकस आणि छिद्र न बदलता लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून सारख्या उजेडात २०-३० फ्रेम्स घ्या, हिस्टोग्राम मध्यावर ठेवून. एकत्र करायला सिरिल, डीपस्कायस्टॅकर, सिक्वेटर ही तिन्ही मोफत आहेत.

तारे गोल येत नाहीत तेव्हा

सगळ्या चौकटीत तारे एकाच दिशेला सारखे लांबट असतील तर आधी दिशा बघा. पूर्व-पश्चिम असेल तर ट्रॅकरचा वेग, दाते किंवा घसरणारा क्लच; उत्तर-दक्षिण असेल तर ध्रुवाची जुळवणी. रेघा ट्रॅकर नसतानाच्यापेक्षाही दुप्पट लांब आल्या तर गोलार्धाचं बटण उलट आहे. वेग चंद्राचा किंवा सूर्याचा निवडला गेला नाही ना, तेही बघा. एखादीच फ्रेम वाकडी आणि पुढची सरळ असेल तर वारा किंवा पायांची हालचाल. तारे लहान कड्यांसारखे दिसले तर फोकस सुटला. पहिल्या तासात स्वच्छ आणि मग हळूहळू सगळंच धूसर झालं तर लेन्सवर टॉर्च मारा, दव साचलेलं असेल. कापडाने पुसू नका, उबदार हवेने वाळू द्या.

लाल तेजोमेघ फिके आले तर त्यात लेन्सचा दोष नाही. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. देवयानी, कृत्तिका, ज्येष्ठेचा परिसर, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ ही लक्ष्यं न बदललेल्या कॅमेऱ्यातही छान येतात, सुरुवात त्यांच्यापासून करा. १३५वर ६० सेकंदांच्या दहापैकी सात-आठ फ्रेम्स गोल यायला लागल्या की २०० मिमी एफ/२.८ लावायला हरकत नाही. त्यापुढे ट्रॅकरला दुरुस्ती सांगणारा गाइड कॅमेरा लागतो, आणि तोवर तुमच्या ट्रॅकरला गाइडिंगचं पोर्ट आहे का हे बघून ठेवलेलं बरं.